फाट्यावर थांबलेली गाडी

नवराबायको गाडीने निघालेत आणि धोका बाहेर नाही, आतच आहे... अशा सिनेमांचं मूळ शोधताना मला १९६२ चा पोलिश 'नाइफ इन द वॉटर' महत्त्वाचा वाटतो. रोमान पोलान्स्कीचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. माणसं तीनच: जोडपं आणि वाटेत गाडीत घेतलेला पोरगा. होडीवर भांडण होतं, पोरगा पाण्यात पडतो. बुडाला, असं नवरा धरून चालतो. परतताना बायको सांगते, तो जिवंत आहे आणि मी त्याच्यासोबत होते!

आमच्या फुलसावंगीकडे फाटा म्हणजे उतरायची जागा. इथे फाट्यावर गाडीच अडते. एक रस्ता पोलिसांकडे, दुसरा घरी. तिचं खरं मानलं तर संसार मोडला, खोटं मानलं तर आपण खुनी. इफ आणि एल्स, दोन्हीकडे एररच.

१९६३ मध्ये पोलंडचे पक्षप्रमुख गोमुल्का यांनी सिनेमावर टीका केली, १९६४ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं. गाडी मात्र अजून तिथेच उभी आहे.