शोकाची संहिता : 'द बाबाडूक' आणि भयपटातील आई

भयपटाच्या इतिहासात आई दीर्घकाळ भीतीचे कारण म्हणून वावरली. हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) मृत आई मुलाच्या मनाचा ताबा घेते. डी पाल्माच्या 'कॅरी'मध्ये (१९७६) धर्मवेडी आई मुलीचे वयात येणेच पाप ठरवते. क्रोननबर्गच्या 'द ब्रूड'मध्ये (१९७९) आईचा क्रोध विद्रूप अपत्यांच्या रूपाने देह धारण करतो. बार्बरा क्रीड यांनी 'द मॉन्स्ट्रस-फेमिनिन' (१९९३) या ग्रंथात, क्रिस्तेवाच्या विचारांच्या आधारे, या परंपरेची चिकित्सा केली. भयपटातील स्त्री केवळ बळी नसते, तिच्या प्रजननक्षमतेचेच भय तेथे रचलेले असते, हे त्यांनी दाखवले. 'रोझमेरीज बेबी'मध्ये (१९६८) भय गर्भवतीच्या दृष्टीतून अनुभवाला येते हे खरे. पण तेथील अरिष्ट बाहेरून लादलेले आहे.

जेनिफर केंट यांचा ऑस्ट्रेलियन चित्रपट 'द बाबाडूक' (२०१४) या परंपरेत वेगळा ठरतो. केंट यांच्याच 'मॉन्स्टर' (२००५) या लघुपटाचा तो विस्तार होय. सुमारे वीस लाख डॉलरांत, ॲडलेडमध्ये तो चित्रित झाला. संगणकीय चमत्कृतींऐवजी हाताने घडवलेल्या प्रतिमा आणि जवळजवळ एकाच घरात कोंडलेले कथानक यांमुळे मूकपटांच्या भयदृष्टीशी त्याचे नाते जुळते. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणारे मेलिएसचे तुकडे ते उघडच सांगतात.

अमेलियाला प्रसूतीसाठी रुग्णालयात नेताना तिचा पती अपघातात दगावला. त्यामुळे सॅम्युएलचा जन्मदिवस हाच पित्याचा मृत्युदिन. तो त्या तारखेला साजराच होत नाही. मुलावरील रोष आईला उच्चारता येत नाही, कारण मातृत्वाच्या रूढ भाषेत त्याला शब्द नाही. म्हणून तो संहितेच्या रूपाने घरात येतो : बाबाडूक प्रथम अवतरतो तो बालपुस्तकात. फाडलेले पुस्तक जोडून परतते, आणि आता त्यात आईच मुलाची हत्या करताना दिसते. अमेलिया पूर्वी मुलांसाठी लिहीत असे. हा तपशील ध्यानात घेतला, तर पुस्तकाचा कर्ता कोण, हा प्रश्न कथानकाच्या केंद्रस्थानी येतो. वाचक आणि लेखक ही एकच व्यक्ती असावी, अशी शंका चित्रपट जागवतो, पण मिटवत नाही.

फ्रॉइडने १९१७च्या निबंधात शोक आणि विषण्णता यांत भेद केला. शोकात मन गमावलेल्या व्यक्तीपासून हळूहळू सुटते. विषण्णतेत तीच व्यक्ती 'अहं'मध्ये ठाण मांडते. चित्रपटाचा शेवट या द्वंद्वात बसत नाही. राक्षसाचा नाश होत नाही. तळघरात त्याला गांडुळे खाऊ घातली जातात, आणि वर अंगणात वाढदिवस प्रथमच त्याच तारखेला साजरा होतो. या शेवटावर स्त्रीवादी आक्षेप संभवतो : रोष तळघरात बंद करून आई पुन्हा कर्तव्यावर रुजू होते, ही व्यवस्थेशी तडजोडच नव्हे काय? आक्षेप निराधार नाही. मात्र तळघराची किल्ली अमेलियाजवळ आहे, आणि खाली काय आहे हे मुलालाही ठाऊक आहे. दमनाला गुप्तता लागते. येथे ती उरलेली नाही. शोक संपवणे हीच मातृत्वाची अट मानणाऱ्या कथनाला या चित्रपटाने दिलेला नकार त्यातच आहे.