ऑपेरा हाऊसचे बॉक्स कुठे गेले?

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळच्या भागाला लोक सरसकट ‘ऑपेरा हाऊस’ म्हणतात. पण ज्या इमारतीवरून हे नाव पडले, ते रॉयल ऑपेरा हाऊस 1993 पासून 2016 पर्यंत तब्बल 23 वर्षे बंद होते. दुरुस्ती सुरू झाली तेव्हा प्रेक्षागृहाच्या दोन्ही बाजूंचे बॉक्स, म्हणजे बड्या मंडळींनी बसायचे सज्जे, जागेवर नव्हतेच. ते पावसाने कोसळले नव्हते. इमारतीत सिनेमा आला तेव्हाच ते काढून टाकले होते. असे का केले असावे?

पंचम जॉर्ज बादशहाने 1911 मध्ये या इमारतीचे उद्घाटन केले. तेव्हा बांधकाम पुरते झालेलेही नव्हते. त्या काळी नाट्यगृहात मायक्रोफोन नसे. नटाचा, गायकाचा शब्द स्वतःच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. त्यासाठी श्रोते रंगमंचापासून फार दूर असून चालत नाही. म्हणून युरोपीय ऑपेरागृहांत प्रेक्षक समोर बसत, तसेच बाजूंनाही आणि एकावर एक मजल्यांवरही बसत. भिंतींवरून परत आलेला आवाज मूळ आवाजामागोमाग लगेच कानी पडला तर त्याला बळ देतो, फार रेंगाळला तर शब्द एकमेकांत मिसळतात. हे रेंगाळणे सभागृहाच्या आकारमानावर आणि आतल्या ध्वनिशोषक वस्तूंवर अवलंबून असते, हा नियम अमेरिकेतील वॉलेस सबीन यांनी 1900 च्या सुमारास मांडला. आपण प्रेक्षकही चांगले ध्वनिशोषक असतो! बालगंधर्व, मास्टर दीनानाथ आणि पुढे पृथ्वीराज कपूर यांनी या रंगमंचावर प्रयोग केले.

दरम्यान आसपास सगळेच बदलत होते. 1896 मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. 1913 मध्ये गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि 1931 मध्ये तिथल्याच मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला. 1935 मध्ये ऑपेरा हाऊसचेही रूपांतर सिनेमागृहात झाले.

इथे बॉक्सचे गणित बिघडले. नट बाजूने पाहिला तरी नटच दिसतो, कारण त्याला लांबी, रुंदी आणि जाडी असते. पडदा मात्र सपाट. वर्गात एक वही समोर उभी धरा आणि विद्यार्थ्याला हळूहळू बाजूला सरकायला सांगा. समोरच्या रेषेपासून 60 अंश सरकल्यावर वहीची रुंदी जवळपास निम्मी दिसेल. नाटकातली सर्वांत मानाची जागा सिनेमासाठी सर्वांत वाईट ठरली! शिवाय आता आवाज ध्वनिवर्धकातून येई, त्यामुळे श्रोत्यांना रंगमंचाजवळ बसवण्याची निकडही उरली नाही.

सिनेमाला प्रोजेक्टरची खोलीही लागते. जुनी फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने एकदा पेटली की हवा तोडूनही ती विझत नाही. म्हणून ही खोली आगीला दाद न देणारी बांधत आणि तिच्या झरोक्यांना लोखंडी झडपा बसवत.

मग 1993 मध्ये दारे बंद झाली. बंद इमारतीत पाऊस छपरातून झिरपतो, लाकूड कुजते, गिलावा सुटतो. 2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव घेतले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जुनी छायाचित्रे अभ्यासून हरवलेले बॉक्स पुन्हा उभे केले. छायाचित्रेच नसती तर? तालुक्याच्या गावांतली कितीतरी टॉकीज आज बंद आहेत किंवा पाडली गेली आहेत, आणि त्यांचा एखादा फोटोही कुणी काढून ठेवलेला नसतो. मुलांना अशा मोडक्या इमारतीत नेऊ नये. पण रस्त्यावरून दर्शनी भागावरचे साल, तिकीट खिडक्या, मागच्या बाजूचा लोखंडी जिना यांची नोंद करता येते. तिथे काम केलेल्या ऑपरेटरला शाळेत बोलावून बोलतेही करता येते.

ऑक्टोबर 2016 मध्ये ऑपेरा हाऊस पुन्हा उघडले, ते पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या गाण्याने. त्याच महिन्यात तिथे चित्रपट महोत्सवाचे उद्घाटनही झाले. नव्या बॉक्समधून पडदा कसा दिसतो, हे तिथे बसणाऱ्यानेच सांगावे.