आधी बूट, मग कुत्रा

निवृत्तीनंतर मुलीकडे पंचकुल्याला राहायला आलो तेव्हा बरोबर पुस्तकांच्या दोन पेट्या, वडिलांची घोंगडी आणि कोल्हापुरी चपलांचे दोन जोड आणले होते. बूट आणले नव्हते. नोकरीत असताना ते घालावे लागत, म्हणून घातले. निवृत्तीच्या दिवशी पाय मोकळे झाले आणि पुन्हा कोंडायचे नाहीत असे मी ठरवून टाकले. माण तालुक्यातला माणूस. वहाणेवर जन्म काढलेल्यांच्या घरातला. त्यात थोडी मिजासही होती, ती आता कबूल करायला हरकत नाही.

मुलीच्या घरी बाजी होता. बाजी म्हणजे कुत्रा. जात विचाराल तर सेक्टरातल्या रस्त्याचीच. मुलगी आणि जावई सकाळी कामाला जायच्या घाईत, म्हणून त्याला फिरवण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. ऑक्टोबर-नोव्हेंबर सुखात गेले. डिसेंबरात मी चपलेत मोजे घालू लागलो. अंगठा अडकावा म्हणून मोजा पुढून चिमटीत दाबून घ्यायचा आणि वर शाल. शेजारच्या सरदारजींच्या सूनबाई मला पाहून तोंडावर पदर घेत, तो आदराने घेत असाव्यात असे मी समजत होतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी धुके इतके दाट होते की पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला कुत्रा दिसेना. बागेतल्या गवतावर दंव पडलेले. समोरून मांजर गेले असावे. बाजीने हिसका दिला, ओल्या फरशीवर चामड्याचा तळ सरकला, चपलेचा अंगठा तुटला आणि मी आडवा झालो. पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता. तो सुटताना मनगट मुरगळले. बाजी धुक्यात दिसेनासा झाला. पुढचा तासभर मी एक पाय चपलेत आणि एक नुसत्या ओल्या मोज्यात, हाका मारत, एका सेक्टरातून दुसऱ्या सेक्टरात फिरलो. मोठ्या रस्त्यावरून ट्रक जाताना ऐकू येत होते, दिसत नव्हते. प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला छातीत धस्स होई. घरी परतलो तर बाजी दाराशी अंग चाटत बसलेला. मला मात्र पायाची बोटे दुपारपर्यंत जाणवली नाहीत.

त्या दुपारी शेगडीपाशी बसलो असता मनात आले की ही तीच थंडी, तोच पंधरवडा. पानिपत इथून दीडशे किलोमीटरवर आहे.

पानिपतावर आपण पुष्कळ बोलतो. भाऊसाहेबांचा हत्ती, विश्वासरावांना लागलेली गोळी, होळकरांनी मैदान कधी सोडले, याच्या चर्चा माझ्या लहानपणी पारावर चालत. फौजेच्या अंगावर आणि पायांत काय होते, हे कोणी विचारल्याचे आठवत नाही. तारखा मात्र बोलक्या आहेत. सदाशिवरावभाऊ पटदूरहून निघाले १४ मार्च १७६० रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. ऑगस्टात दिल्ली हाती आली. ऑक्टोबरात करनालजवळचे कुंजपुरा घेतले. त्यानंतर अब्दाली यमुना उतरून दक्षिणेला आला आणि दिल्लीकडचा रस्ता बंद झाला. नोव्हेंबरपासून लढाईच्या दिवसापर्यंत, १४ जानेवारी १७६१ पर्यंत, दोन-अडीच महिने ही माणसे पानिपतच्या उघड्या माळावर खंदक खणून बसली होती. बरोबर बायका, यात्रेकरू, बुणगे. दख्खनी स्वाराचा वेश म्हणजे सुती अंगरखा, विजार, पागोटे, कमरेला शेला. आपल्याकडच्या थंडीला तेवढे पुरते.

कपड्यांमुळे पानिपत गेले असे मी म्हणणार नाही. रसद तुटली, जनावरे उपाशी मेली, माणसे उपाशी लढली, हे मुख्य. पण ज्या रस्त्याने धान्य यायचे त्याच रस्त्याने रजई, कांबळे आणि नवा जोडाही यायचा, हे मला त्या ओल्या मोज्यात कळले. अर्धपोटी माणसाला थंडी दुप्पट लागते. समोरच्या छावणीतले लोक मुळात थंड मुलखातले. त्यांच्याकडे पोस्तीन हा पोशाख जुना आहे: मेंढीचे कातडे, लोकर आतल्या बाजूला. त्याच्या तीन वर्षे आधी, १७५८ साली, राघोबादादांची फौज याच बाजूने सरहिंद घेऊन लाहोरला गेली होती. सरहिंद पंचकुल्याहून मोटारीने तासा-दीड तासाचे. पण ते दिवस मार्च-एप्रिलचे होते. वसंतात पाहिलेला पंजाब थंडीतही तसाच असेल असे कोणाला वाटले असेल, तर त्याला मी हसणार नाही. ऑक्टोबर पाहून मीही तेच समजलो होतो.

हा धडा मराठ्यांनाच मिळाला असेही नाही. १९१४ च्या शरदात हिंदी पलटणी मार्सेय बंदरात उतरल्या त्या पातळ सुती खाकीत. गरम कपडे पोहोचायला वेळ लागला आणि फ्रान्समधल्या चिखलाच्या खंदकांत माणसांचे पाय आधी गेले. दीडशे वर्षांनीही कोठीवाल्याला हवामान कळले नव्हते.

दक्षिणेत थंडी-पावसाचा पोशाख नव्हताच, असे मात्र कोणी समजू नये. तो होता, पण धनगराच्या खांद्यावर. कुत्रा बरोबर घेऊन सर्वांत जास्त चालणारा माणूस आपल्याकडे तोच. दख्खनी मेंढीची जाडीभरडी काळी लोकर, सणगराच्या मागावर विणलेली घोंगडी, सुताला चिंचोक्याची खळ. या खळीने ती ताठ राहते आणि पाऊस लगेच आत मुरत नाही. डोक्यावर खोळ केली की रेनकोट, अंगाखाली टाकली की गादी, पसरली की बैठक. पायांत जाड तळाच्या अवजड वहाणा, काट्यांसाठी. वडील थंडीत कोणालाही घोंगडीशिवाय शिवारात जाऊ देत नसत. आम्ही शिकलेली मुले ती अंगावर घ्यायला लाजायचो, कारण वर्गात डकबॅकचा रेनकोट असलेली मुले होती. ती कंपनी कोलकात्याच्या सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली काढलेली, स्वदेशीच्या ईर्ष्येने. म्हणजे घोंगडी टाकून आम्ही धावलो तेही स्वदेशीकडेच, फक्त रबराच्या.

इथे आल्यावर नालागढच्या बाजूला हिवाळ्यात डोंगर उतरून आलेले गद्दी मेंढपाळ पाहिले आणि पाय थबकले. अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा चोला, कमरेला लोकरीच्याच दोराचे वेढ्यावर वेढे. त्याला डोराच म्हणतात. त्या दोरामुळे चोल्याचा वरचा भाग पिशवीसारखा होतो आणि नुकते जन्मलेले कोकरू त्यात मावते. सोबत दांडगा केसाळ कुत्रा, बिबट्याने मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. करनालला पशूंच्या देशी जातींची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या यादीत हा गद्दी कुत्रा आता आला आहे, आणि आपल्याकडच्या घोरपड्यांच्या संस्थानातला मुधोळही. एक जाड केसांचा, एक अंगाला चिकटलेल्या आखूड केसांचा. प्रत्येकाने आपापल्या मुलखाचा कोट घातलेला. मुधोळला हिमाचलात कोणी नेले तर त्याला झूल घालावी लागेल. मला नेले तेव्हा ते कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या तर नाहीच.

पडल्यानंतर मला शहाणे केले ते आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त जवानाने. पंचकुल्याजवळ भानू इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे जन्मलेल्या मॅलिनॉय पिल्लांना २०२१ साली गलवान, ससोमा, रेझांग अशी लडाखमधल्या जागांची नावे दिल्याचे वाचकांना आठवत असेल. या गृहस्थांची उमेद कुत्र्यांच्या पथकात गेलेली. माझ्या मनगटाची पट्टी पाहून म्हणाले, "बाऊजी, पहले जूता, फिर कुत्ता." मग मला दुकानात घेऊन गेले. बूट हातात घेतला की आपण वरचे कातडे पाहतो. त्यांनी प्रत्येक बूट आधी उलटा केला. तळाला खोल खाचा हव्यात, खाचांत माती अडकली तर ठोकून निघायला हवी. टाच घट्ट बसायला हवी, पुढे बोटांना जागा हवी, कारण ओढणाऱ्या कुत्र्यामागे माणूस बुटात पुढे सरकतो. खरेदी संध्याकाळी करायची, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि जे मोजे घालून फिरणार तेच घालून. पट्टा मनगटाला कधीच गुंडाळायचा नाही. हे सगळे त्यांनी उभ्याउभ्या सांगितले. दुकानदाराला वाटले तेच गिऱ्हाईक.

रंगाच्या बाबतीत आमचा वाद झाला. मी खाकी जाकीट उचलले. मळखाऊ, शिवाय रुबाबदार. त्यांनी ते परत ठेवायला लावले. खाकीचा जन्म १८४६-४७ च्या सुमारास पेशावरला, हॅरी लम्सडेनच्या गाईड्स पलटणीत. खाक म्हणजे धूळ. धुळीत माणूस दिसू नये, म्हणून कापड धुळीच्या रंगाचे केले. लपून चालणाऱ्याचा हा पोशाख. सकाळी सहाला धुक्यात रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला लपायचे कशाला? त्याला ट्रकवाल्याने लांबून पाहायला हवे. शेवटी मी नारिंगी जाकीट घेतले, पाठीवर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या. बाजीच्या गळपट्ट्यालाही तशीच पट्टी लावली. रस्ता झाडणाऱ्या बायका तसली जाकिटे घालतात, ते बघून मला पूर्वी त्यांच्या तब्येतीची काळजी कळत नसे, आता कळते.

त्याच पलटणींच्या पोशाखातली दुसरी एक वस्तू मात्र उपयोगाची: पिंढरीला गुंडाळायची पट्टी. शब्दही आपलाच, इंग्रजांनी तो उचलून जगभर नेला. काटे, थंडी, सरपटणारी जनावरे यांपासून घोट्याच्या वरचा भाग वाचवायचा हे तिचे काम. मी पट्टी बांधत नाही, पण पावसाळ्यात पँटचे टोक मोज्यात खोचतो. घग्गरच्या काठाच्या गवतात गोचिड्या असतात. पँट फिक्या रंगाची असली तर चढणारी गोचीड दिसते. बाजीच्या कानामागे रोज हात फिरवतो, तसाच आता माझ्या गुडघ्यामागेही. पावसात गमबूट बरे. पण वरून पाणी गेले तर पायांत बादली घेऊन चालल्यासारखे होते, आणि पळणाऱ्या कुत्र्यामागे त्यांचा उपयोग नाही.

जाड कापडाच्या फुलपँटीचे आणखी एक कारण समोरच्या डोंगरावर आहे. रात्री आमच्या गच्चीवरून कसौलीचे दिवे दिसतात. तिथे १९०० साली पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि डेव्हिड सेंपल यांनी पुढे तिथेच मेंढीच्या मेंदूपासून रेबीजची लस तयार केली. माझ्या बालपणी बेंबीभोवती चौदा सुया म्हणत, ती हीच. सरकारने ती २००४-०५ च्या सुमारास बंद केली. आता दंडात मोजक्याच घ्याव्या लागतात. आपला कुत्रा घेऊन निघाले की गल्लीतले मोकळे कुत्रे अंगावर येतात, आणि मधे पाय असतो तो आपला. दात कापडातून गेला तर लाळ काही प्रमाणात कापडाला पुसली जाते, धोका थोडा उतरतो. तो संपत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लस घ्यायचीच, मग अंगात चिलखत का असेना.

मे महिन्यात हे सगळे उलटे होते. सैल सुती सदरा, रुंद काठाची टोपी, जाळीचे हलके बूट. पण बूट चांगले झाले की एक नवी चूक होते, आणि ती मी केली. पहिल्या उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला बाजीला घेऊन निघालो. मला काही जाणवत नव्हते. तो मात्र एकेक पाय उचलून नाचल्यासारखा चालू लागला, मग दुभाजकावरच्या गवतात जाऊन बसला आणि हलेना. मी हट्टी म्हणून रागावलो. घरी त्याच्या तळव्याला फोड दिसला. चपलेतल्या माणसाला रस्ता तापला आहे हे तरी कळले असते. तेव्हापासून दाराबाहेर पडताना हाताचा उलटा पंजा डांबरावर ठेवून सात आकडे मोजतो. हात उचलावा लागला तर घरी परत. लोक पाहतात. एकाने तर मला रस्त्याला नमस्कार करणारा भाविक समजून स्वतःही वाकून नमस्कार केला.

कोल्हापुरीचा तुटलेला अंगठा सेक्टरातल्या मोच्याने शिवून दिला. त्याने चामडे हातात घेऊन पाहिले आणि खिळा एकही नाही, सगळी शिलाई, असे दोनदा म्हणाला. ती चपल आता लग्नाकार्याला आणि उन्हाळ्यात दूध आणायला. घोंगडी मी पुढच्या जानेवारीत पेटीतून काढली, जाकिटावरून घ्यावी म्हणून. दोन दिवस घेतली. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीवरून खाली पडली होती आणि बाजी तिच्यावर तीन गिरक्या घेऊन नाक शेपटीत घालून झोपला होता. तिला अजून मेंढीचा वास येतो. मी ओढून पाहिली, तर डोळे न उघडता गुरगुरला.