राजाचे केस कोणत्या रंगाचे होते?

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. वय ३२. त्याला समोर बसवून काढलेलं एकही चित्र आज शिल्लक नाही. आहेत ती नंतरची, म्हणजे त्याला हरवून गादीवर बसलेल्या ट्यूडर घराण्याच्या काळातली. शत्रूच्या राज्यात रंगवलेल्या चेहऱ्यावर विश्वास किती ठेवायचा?

२०१२ साली लेस्टर शहरात एका पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला. बहिणीच्या वंशजांशी आईकडून येणारा डीएनए जुळला, आणि २०१४ मध्ये तुरी किंग व सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के, केस सोनेरी असण्याची ७७ टक्के.

७७ हा आकडा वाचला की माझ्यातला प्रोग्रामर आधी विचारतो, मॉडेल शिकलं कुणावर? तर केसांचा रंग ठाऊक असलेल्या आजच्या युरोपीय लोकांवर. डीएनएमधल्या मोजक्या जागा वाचायच्या आणि तिथे अशीच अक्षरं असणाऱ्यांचे केस बहुधा कसे असतात, ते सांगायचं. (माझ्या डीएनएवर चालवलं तर उत्तर ‘काळे’ येईल. त्याला मॉडेल कशाला, आरसा पुरे.)

पण चित्रांतल्या रिचर्डचे केस तपकिरी आहेत. मग चित्रकार खोटे? तसंही नाही. युरोपात लहानपणी सोनेरी असलेले केस वयात येताना गडद होणं नेहमीचं आहे, आणि जनुकांची अक्षरं वयाबरोबर बदलत नाहीत. म्हणजे ते ७७ टक्के कदाचित फक्त लहानग्या रिचर्डचे. संशोधकांनीही हे मान्य केलं. लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे १५१०च्या सुमाराचं, कमानीच्या चौकटीतलं एक चित्र आहे. डीएनएच्या अंदाजाशी त्यातले केस आणि डोळे सर्वांत जास्त जुळतात, असं त्यांनी नोंदवलं. ते चित्रही ट्यूडर काळातलंच!

खांद्याची गोष्ट तर याहून मजेची. राजघराण्याच्या संग्रहातल्या दुसऱ्या एका चित्रात उजवा खांदा मागाहून रंग चढवून उंच केल्याचं क्ष-किरणांत दिसलं होतं. रिचर्डचे पाठीराखे तो बदनामीचा पुरावा म्हणून दाखवत. सांगाड्याचा कणा मात्र खरोखरच वाकडा निघाला. कुबड नव्हतं, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा वर असणार. यासाठी डीएनए लागला नाही, उत्खननात सांगाडा उघडा झाला तेव्हाच दिसलं.