गिल हेरन : युद्धोत्तर व्यावसायिक फुटबॉलमधील एक विस्मृत कारकीर्द

खेळाडूची कीर्ती टिकणे वा न टिकणे हे त्याच्या गुणांवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. ज्या संस्थेच्या आश्रयाने तो खेळला तिच्या आयुर्मानाचाही या प्रश्नाशी निकटचा संबंध असतो, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. गिल हेरन या जमेकन फुटबॉलपटूची अल्पकालीन कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

हेरनचा जन्म १९२२ साली किंग्स्टन येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने कॅनडाच्या हवाई दलात नोकरी केली. युद्ध संपताच, १९४६ साली, तो अमेरिकेतील डेट्रॉइट वुल्व्हरिन्स या संघात दाखल झाला. हा संघ त्याच वर्षी सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन प्रोफेशनल सॉकर लीग या साखळी स्पर्धेत खेळत असे. पहिल्याच हंगामाचे विजेतेपद वुल्व्हरिन्सने मिळविले व स्पर्धेत सर्वाधिक गोल करण्याचा मान हेरनकडे गेला. कारकीर्दीचा याहून शुभ आरंभ कोणता असू शकेल? परंतु ती स्पर्धाच दोन हंगामांपलीकडे तग धरू शकली नाही. १९४७ नंतर ती बंद पडली.

येथे समकालीन घटनांशी तुलना करणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल स्पर्धांतून कृष्णवर्णीयांना कित्येक दशके दूर ठेवण्यात आले होते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती अलिखित बंदी मोडली. तो दिवस राष्ट्राच्या इतिहासात नोंदला गेला. हेरन त्याच्या आदल्या वर्षीच एका व्यावसायिक स्पर्धेत अग्रस्थानी होता. तथापि त्याच्या यशाला असे महत्त्व लाभले नाही. अमेरिकन जनमानसात फुटबॉल हा परक्या देशांतून आलेल्यांचा खेळ होता. त्या मैदानावरील घटनेत राष्ट्राने आपले प्रतिबिंब पाहिले नाही. १९४७ मध्ये 'एबनी' या मासिकाने हेरनला फुटबॉलमधील बेब रूथ म्हटले. म्हणजे फुटबॉलपटूचा गौरव करावयाचा, तरी मापदंड बेसबॉलचाच घ्यावा लागला!

यानंतर हेरन शिकागो व डेट्रॉइट येथील संघांतून खेळत राहिला. १९५१ च्या उन्हाळ्यात ग्लासगोचा सेल्टिक संघ उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर आला असता त्याची दृष्टी हेरनवर पडली, आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याला स्कॉटलंडचे द्वार खुले झाले. १८ ऑगस्ट १९५१ रोजी लीग कप स्पर्धेत मॉर्टनविरुद्ध तो प्रथमच उतरला. सेल्टिकने २-० असा विजय मिळविला व त्यांतील एक गोल हेरनचा होता. परंतु मध्यआघाडीची जागा जॉन मॅकफेलसारख्या प्रस्थापित खेळाडूकडे होती. हेरनच्या वाट्याला पहिल्या संघाचे अवघे पाच अधिकृत सामने आले. त्यांत त्याने दोन गोल केले. पुढे थर्ड लॅनार्क व किडरमिन्स्टर हॅरिअर्स या संघांतून खेळून तो डेट्रॉइटला परतला. तेथेच २००८ साली त्याचे निधन झाले.

हे पाच सामने मात्र विस्मृतीत गेले नाहीत. सेल्टिककडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याची स्मृती त्या संघाच्या चाहत्यांनी जपली. १९३६ साली याच सेल्टिकच्या राखीव संघातून, पायांना पट्ट्या बांधून, दोन सामने खेळलेल्या कलकत्त्याच्या महंमद सलीमचेही नाव तसेच राहिले आहे. संस्था जिवंत असली म्हणजे एखाददुसरा सामनाही तिच्या दप्तरात व आठवणीत सुरक्षित राहतो. ती लोपली म्हणजे संपूर्ण विजयी हंगामही निराधार होतो.

आज हेरनचा निर्देश बहुधा १९४९ साली जन्मलेल्या त्याच्या पुत्राच्या, कवी व संगीतकार गिल स्कॉट-हेरन याच्या, चरित्रात येतो. पुत्र लहान असतानाच पिता दुरावला आणि दोघांची पुन्हा गाठ पडली ती पुत्र प्रौढ झाल्यावर. पित्याने खेळासाठी केलेल्या स्थलांतराची किंमत अशा रीतीने त्याच्या कुटुंबानेही मोजली.

स्मृतीची मात्रा हे कर्तृत्वाचे माप मानण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने आवरला पाहिजे. हेरनचे श्रेष्ठ वर्ष १९४६ होते. त्याची आठवण राहिली ती १९५१ ची.