साडेदहाची दुरुस्ती

६ जुलै १९८९

दक्षिण दिल्लीतल्या ग्रीन पार्क भागात उपहार हे चित्रपटगृह १९७३ पासून चालू होते. तळमजल्यावर वाहनतळ, त्याला लागून ट्रान्सफॉर्मरच्या खोल्या, वर प्रेक्षागृह आणि बाल्कनी. या दिवशी तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या भागात आग लागली. विझवली गेली. खेळ पुन्हा सुरू झाले. ट्रान्सफॉर्मर होते तिथेच राहिले आणि त्यांच्या दारासमोर गाड्या लागत राहिल्या.

१३ जून १९९७, शुक्रवार. सकाळी ६.५५

तळमजल्यावर दोन ट्रान्सफॉर्मर होते. ५०० केव्हीएचा चित्रपटगृहाचा स्वतःचा. १००० केव्हीएचा दिल्ली विद्युत मंडळाचा. त्यावरून आसपासच्या वस्तीला वीज जात असे. या दुसऱ्या, मोठ्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला.

सकाळी ७.२५

आग आटोक्यात आली. अर्धा तास लागला. इमारतीत प्रेक्षक नव्हते, कोणी दगावले नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी पाहणी केली तेव्हा लो टेन्शन (कमी दाबाच्या) बाजूच्या तीन केबलांची टोके अर्धवट जळालेली आढळली.

केबल मधेच जळाली तर कारणे अनेक असू शकतात. टोकाशी जळाली तर पहिला संशय जोडावर घ्यायचा, हे कोणताही जुना वायरमन सांगेल. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराने चालला तर लो टेन्शन बाजूच्या प्रत्येक फेजमधून तेराशे अँपिअरहून जास्त प्रवाह जातो. घरातला दोन किलोवॉटचा गिझर घेतो सुमारे नऊ अँपिअर. एवढ्या प्रवाहाच्या वाटेवर जोड किंचित जरी सैल राहिला, तरी तिथला रोध वाढतो आणि उष्णता साठू लागते. प्रवाह दुप्पट झाला की ती उष्णता चौपट होते.

सकाळी १०.३०

मंडळाचे निरीक्षक आणि एक वरिष्ठ फिटर कामाला लागले. तीन फेजांपैकी बी नावाच्या फेजच्या केबलांवरचे दोन ॲल्युमिनियमचे सॉकेट बदलायचे होते. वायरमन मंडळी याला लग किंवा थिंबल म्हणतात. केबलच्या सोललेल्या तारा त्यात घालायच्या, लग चहूबाजूंनी दाबून तारांशी एकजीव करायचा आणि मग नटबोल्टने बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, आवळायचा.

दाबण्याच्या या कामासाठी क्रिम्पिंग मशीन असते. ते मापाच्या साच्यात लगला सगळीकडून सारखा, टनांच्या हिशेबातला दाब देते. तारांमधली पोकळी मिटते, हवा उरत नाही. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. उघड्या हवेत त्यावर ऑक्साइडचा पातळ थर लगेच धरतो आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय हा धातू मऊ आहे. तापला की पसरतो, दाबाखाली हळूहळू सरकतो, निवला की जोडात फट सोडतो.

त्या सकाळी क्रिम्पिंग मशीन वापरले गेले नाही. लग डाय आणि हातोड्याने ठोकून बसवले गेले. हातोड्याचा घाव एका बाजूला पडतो. वरून लग चपटा दिसतो, आत तारांमध्ये जागा राहते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

सकाळी ११.३०

ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज केला. तपासणी, दुरुस्ती आणि पुरवठा, सगळे धरून आगीनंतर चार तास. ग्रीन पार्कमध्ये लाइट आली.

इथे थांबावे लागते, कारण आपण सगळे याच ठिकाणी चुकतो. घरात एसी बसवताना, दुकानाचा लोड वाढवताना, सोसायटीच्या मीटरच्या खोलीतून जळका वास आला म्हणून कोणाला बोलावताना, आपण बटण दाबून पाहतो, दिवा लागला की पैसे देतो. सैल जोडातूनही दिवा लागतो, पंखा फिरतो. एमसीबीही पडत नाही, कारण तो प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यावर पडतो, आणि सैल जोडाने प्रवाह वाढत नाही. तापतो फक्त तो जोड, भिंतीमागे किंवा पेटीच्या आत.

भारतीय वीज नियम, १९५६ मधला ४५ वा नियम तेव्हा लागू होता. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर ग्राहकाच्या जागेतले विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराच्या हातून व्हावे, असे तो सांगत असे. पुढच्या नियमावल्यांतही हे तत्त्व कायम राहिले. महाराष्ट्रातही ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांचे परवाने वेगवेगळे असतात. ते पाहायला मागण्यात कोणाचा अपमान नाही.

पण उपहारमध्ये आलेली माणसे खुद्द वीज मंडळाची होती. त्यांच्याकडे परवाना मागण्याचा प्रश्नच आला नसता. म्हणून मला वाटते, कागद पाहून झाल्यावर आणखी चार गोष्टी विचारल्याच पाहिजेत. लग कशाने दाबणार, मशीन सोबत आणले आहे का? जोड आवळल्यावर पूर्ण लोड टाकून क्लॅम्प मीटर लावणार का? तासा-दोन तासांनी जोडाचे तापमान पाहायला परत येणार का? चाचणी अहवालावर सही कोणाची? ज्याला काम येते तो या प्रश्नांनी चिडत नाही. मशीन आणलेले नसेल, तर लाइट दुपारनंतर आली तरी चालेल, हे म्हणण्याची तयारी मात्र आपली हवी. जूनमधल्या दिल्लीत, पंख्याविना घामाघूम झालेल्या वस्तीत, हे कोणी म्हणणे सोपे नव्हते.

सकाळी ११.३० ते दुपारी ३.५५

वीज चालू. बी फेजवर ठोकलेला जोड भार वाहत होता. ठिणग्या उडू लागल्या होत्या. दोष ओळखून पुरवठा आपोआप तोडणारी रिले यंत्रणा या ट्रान्सफॉर्मरला नव्हती. सकाळी जळालेला आणि ठोकून दुरुस्त केलेला ट्रान्सफॉर्मर, त्याच्यावर ना यंत्राचा पहारा ना माणसाचा.

दुपारी ३.००

मॅटिनी सुरू. जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' त्याच दिवशी प्रदर्शित झाला होता. लोंगेवालाची लढाई, सुट्टीचे दिवस, शुक्रवार. मुलांना घेऊन कुटुंबे आली होती. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची मुले उन्नती, वय १७, आणि उज्ज्वल, वय १३, या खेळाला होती.

बाल्कनीत ३०२ आसने होती. त्यांतली ५२ वर्षांच्या ओघात वाढवलेली. त्या वाढीव आसनांनी उजवीकडची जाण्यायेण्याची वाट व्यापली होती. उजवीकडचे बाहेर पडायचे दार आठ आसनांच्या एका खासगी बॉक्सने बंद केले होते. मधल्या दाराला कडी होती.

खाली वाहनतळात ट्रान्सफॉर्मरच्या दारापासून एक मीटरच्या आत गाड्या उभ्या होत्या. ट्रान्सफॉर्मरचे तेल सांडले तर ते जागेवरच मुरावे म्हणून खड्डा लागतो. तो नव्हता. खोल्यांमागची भिंत मंजूर नकाशात तीन फुटांची होती, ती वरपर्यंत बांधून घेतलेली होती. धूर झाला तर त्याला त्या बाजूने मोकळ्या हवेत जायला जागा नव्हती.

१९८३ मध्ये नियमभंगांमुळे या चित्रपटगृहाचा परवाना निलंबित झाला होता. उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली आणि त्यानंतर चौदा वर्षे ते तात्पुरत्या परवान्यांवर चालत राहिले.

दुपारी ३.५५

भागात भारनियमन. पुरवठा बंद. बी फेजचा जोड तासभर निवत राहिला.

हा तास कोणी वापरला असता तर, हा विचार मनातून जात नाही. वीज बंद होती, पान्हा लावता आला असता. पण त्या खोलीत डोकावायचे कोणाच्या कामाच्या यादीत नव्हते. मंडळाच्या दृष्टीने दुरुस्ती साडेअकराला संपली होती. चित्रपटगृहाच्या दृष्टीने ट्रान्सफॉर्मर मंडळाचा होता.

दुपारी ४.५५

पुरवठा परत आला. तासभर वीज नसलेल्या वस्तीत ती येते तेव्हा बंद न केलेले पंखे, कूलर, फ्रिज एकदम सुरू होतात आणि भार एका झटक्यात अंगावर येतो.

बी फेजची एक केबल सुटली. ती लोंबकळत ट्रान्सफॉर्मरचे तेल निववणाऱ्या रेडिएटरला टेकली. ठिणग्यांनी रेडिएटरच्या पात्याला भोक पडले. तिथून तेल गळू लागले आणि पेटले. सुरक्षारक्षकाला मोठा आवाज ऐकू आला.

मुरायला खड्डा नसल्याने जळते तेल खोलीबाहेर वाहत गेले. पहिली गाडी एक मीटरच्या आत होती. मग दुसरी. पेट्रोल, टायर, फोम.

दुपारी ४.५५ ते ५.०५

वाहनतळ धुराने भरला. उत्तरेकडे गेलेला धूर एका जिन्यात शिरला आणि धुराड्यातून चढावा तसा वर चढला. दक्षिणेकडचा दुसऱ्या जिन्याने बाल्कनीच्या डाव्या अंगाला पोचला. वातानुकूलनाच्या नळ्यांनीही तो आत ओढून घेतला. त्यात कार्बन मोनॉक्साइड होता, ज्याला वास नसतो.

आग लागल्याचे व्यवस्थापनाला कळले होते. ध्वनिक्षेपकावरून सूचना दिली गेली नाही. भोंगा वाजला नाही. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला थांबायला सांगितले गेले नाही. पडद्यावर सिनेमा चालू होता.

संध्याकाळी ५.०५

ग्रीन पार्कला वीज आणणारा ११ केव्हीचा फीडर बंद पडला. पडदा काळा झाला. आपत्कालीन दिवे नव्हते.

बाल्कनीतले लोक अंधारात दारांकडे धावले. उजवीकडे बॉक्सची भिंत. मधल्या दाराला कडी, आणि तिथला द्वारपाल बदली माणसाकडे काम न सोपवताच निघून गेलेला. धूर डावीकडून येत होता.

संध्याकाळी ५.०५ च्या पुढे

बाल्कनीत अडकलेले लोक निदान दहा ते पंधरा मिनिटे त्या हवेत होते. दारे फोडून, खिडक्यांतून उड्या टाकून काही सुटले. अग्निशमन दलाच्या गाड्यांना संध्याकाळच्या रहदारीतून वाट काढावी लागली.

खालच्या सभागृहातले प्रेक्षक बाहेर पडले. बळी गेले ते बाल्कनीतले, बहुतेक गुदमरून. ५९ जण. जखमी शंभराहून अधिक. मृतदेह जवळच्या एम्स आणि सफदरजंग रुग्णालयांत ओळखीसाठी ठेवले गेले. उन्नती आणि उज्ज्वल त्यांत होते. त्यांच्या आईवडिलांनी इतर कुटुंबांना बरोबर घेऊन त्याच महिन्यात संघटना उभी केली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या. खटल्याचा पहिला निकाल लागला २० नोव्हेंबर २००७ रोजी, दहा वर्षांनी. आरोपींत मालक होते, अधिकारी होते, आणि सकाळची दुरुस्ती करणारेही होते.

जून १९९७ अखेर

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी जळालेला ट्रान्सफॉर्मर तपासला. बी फेजच्या बसबारवर जोड सैल होते. सुटलेल्या केबलच्या सॉकेटला, जिथे बोल्ट बसतो तिथे, ठिणग्यांनी खाऊन इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची खाच पडली होती. खाच पडत गेली तशी पकड गेली आणि केबल सॉकेटसकट खाली आली.

बोल्टवर मुख्य नटाच्या मागे आणखी एक नट आवळतात, म्हणजे कंपनाने आणि तापण्या-निवण्याने पहिला ढिला होत नाही. त्याला चेक नट म्हणतात. तो किरकोळ किमतीचा असतो आणि बसवायला मिनिटभरही लागत नाही. तज्ज्ञांना तो वाय फेजच्या एका खालच्या टर्मिनलवर आणि न्यूट्रलवर सापडला. बाकी कुठेही तो लावलेला नव्हता, बी फेजवरही नाही.