कामशेत

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव व मुंबई–पुणे लोहमार्गावरील स्थानक. लोणावळ्याच्या पूर्वेस सुमारे १६ किमी., इंद्रायणी नदीच्या काठी. कारभार खडकाळे ग्रामपंचायतीचा. लोकांच्या तोंडी आणि स्थानकाच्या पाटीवर मात्र कामशेतच. उत्तरेकडून नाणे मावळ आणि दक्षिणेकडून पवन मावळ या दोन्ही खोऱ्यांच्या वाटा इथे हमरस्त्याला मिळतात. पुणे–खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, जुना मुंबई–पुणे रस्ता गावातून गेला, आणि खोऱ्यांतला माल उतरवून घेण्याची जागा म्हणून कामशेत वाढले.

मुख्य व्यापार भाताचा. पूर्वी आंबेमोहोर, आता बहुतेक खाचरांत ‘इंद्रायणी’, जे आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये प्रसारित झाले. कामशेतच्या गिरण्यांत भरडलेला हा तांदूळ पुण्या-मुंबईची गिऱ्हाइके पोत्याने नेतात. पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून धावू लागली, तसा दूध-भाजीला आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील कामगारांना रोजचा मार्ग मिळाला. द्रुतगती महामार्ग कामशेतच्या डोंगरातून बोगद्याने जातो. त्यावरच्या वाहनांचा पेठेशी संबंध येत नाही.

या पेठेचे वर्णन दुकानांपाशी थांबवण्याची रीत आहे. दुकानांपुढे रस्त्याकडेला बसणाऱ्या आदिवासी बायकांचा बाजार त्यामुळे नोंदीबाहेर राहतो. पहिल्या पावसात शेवळे, मागाहून कुरडू, टाकळा, भारंगी. रात्री मशालीने धरलेले मुठे खेकडे, ओढ्याचे मासे. उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे. माल वाट्यांनी विकला जातो आणि लोकल यायच्या सुमारास भाव पडतो. ना गाळा, ना भांडवल, ना साठवण. दिवसाचा माल दिवसात खपला नाही तर तो फुकट गेला.

मावळच्या डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात, पण तिघांची आर्थिक स्थिती एक नाही. महादेव कोळ्यांकडे बहुधा खाचरे आणि वरकस जमीन असते. भात, नाचणी, वरई पिकते. ठाकरांपैकी काहींकडे थोडी शेती आहे. कातकरी बहुतांशी भूमिहीन. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून, रस आटवून कात पाडणे हा त्यांचा मूळ धंदा, आणि तो चांगला चालणारा धंदा होता. विड्याच्या पानाला गिऱ्हाईक कधी कमी नव्हते. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली, खैर तोडणे गुन्हा ठरले, आणि कारागिराचा मजूर झाला. पुढे त्याने व्यापाऱ्यांसाठी कोळसा पाडला, मग वीटभट्टी धरली.

वीटभट्टीचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा भट्टीमालक किंवा मुकादम ‘उचल’ देतो. दिवाळीनंतर जोडपे मुलाबाळांसह भट्टीवर जाते. मजुरी हजार विटांवर ठरते, आठवड्याला जेवणापुरता खर्च मिळतो आणि खरा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. पण हिशेबाची वही मालकाकडे आणि लिहिता न येणारा मजूर समोर, असे असले की कायदा भट्टीपर्यंत पोचत नाही.

स्वतःचा उद्योग उभारायचा तर आधी जागा लागते, आणि मावळात जागेचाच प्रश्न बिकट आहे. जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील गावांपुरते आहे. मावळ त्याबाहेर असल्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळालेले अधिकार इथल्या वाड्यांना नाहीत. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीवाचून विकता येत नाही, हे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ राज्यभर लागू आहे; पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला त्याचा काय उपयोग? अनेक कातकरी वस्त्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फार्महाउस आणि बंगल्यांसाठी जमिनीचे भाव चढले, तशी ती जागा अधिकच बेभरवशाची झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. मावळातल्या वाड्यांना हा एक मार्ग खुला आहे.

पाण्याचेही तसेच. टाटांचे ठोकरवाडी, नाणे मावळातले वडिवळे, दक्षिणेकडचे पवना या धरणांनी खोरी भरली. वीज आणि पाणी मुख्यतः खाली शहरांकडे गेले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. तो लढा जमीनधारक शेतकऱ्यांचा होता. नदीवर मासे मारून जगणाऱ्यांचा जलाशयावर हक्क काय, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही.

महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले केंद्राचे पीएम-जनमन अभियान घरे, रस्ते आणि दाखले देण्यासाठी याच गटांकरिता आहे. आदिवासींचा स्वतःचा धंदा उभा राहू शकतो याचे उदाहरण शेजारच्या ठाणे जिल्ह्यात आहे. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी संस्था काढून गुळवेल गोळा करायला, वाळवायला आणि विकायला सुरुवात केली. वन धन योजनेची मदत मिळाली आणि मोठ्या आयुर्वेदिक कंपन्यांच्या मागण्या आल्या. गुळवेल मावळच्या कुंपणांवरही चढलेली असते. शहापूरने वाळवण, साठवण आणि थेट गिऱ्हाईक या तीन गोष्टी हाती घेतल्या. कामशेतच्या रस्त्याकडेच्या बाजारात नेमक्या त्याच नाहीत.

आसपासच्या टेकड्यांवर १९९० च्या दशकापासून पॅराग्लायडिंगच्या शाळा चालतात. पावसाळा सोडून इतर महिन्यांत शिकाऊंची गर्दी असते. पवनानगरच्या रस्त्याने बेडसे येथील बौद्ध लेण्यांकडे जाता येते. तिथल्या एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाने दिलेल्या दानाची नोंद आहे.